घरगुती कॉकपिट स्विच पॅनेल

घरगुती कॉकपिट स्विच पॅनेल म्हणजे संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमानाची विद्युत् प्रणाली, दिवे, इंजिन व तत्सम यंत्रणा हाताळता याव्यात म्हणून हौशी व्यक्तीने स्वतः तयार केलेला, प्रत्यक्ष स्विच बसवलेला फलक होय. सिम्युलेटरमधील हे स्विच एरवी माउस किंवा कीबोर्डने चालवावे लागतात. फलकामुळे तीच क्रिया वैमानिकाप्रमाणे हाताने, ठरावीक जागी व ठरावीक क्रमाने करता येते. अशा फलकात साधारणतः स्विच, मायक्रोकंट्रोलर, संगणकाला जोडणारी यूएसबी केबल, दर्शक दिवे आणि दर्शनी पाटी असे घटक असतात. इलेक्ट्रॉनिकी, संगणक आज्ञावली, सुतारकाम आणि विमानविद्या यांचा मेळ घालणारा हा छंद अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये प्रकल्पाचा विषय म्हणूनही निवडला जातो.

पार्श्वभूमी

जमिनीवर बसून उड्डाणाचा सराव करण्याच्या यंत्रांचा इतिहास १९२९ मध्ये अमेरिकेतील एडविन लिंक यांनी तयार केलेल्या लिंक ट्रेनरपर्यंत जातो. या यंत्राच्या कक्षात खरी उपकरणे व नियंत्रणे बसवलेली असत. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या असंख्य वैमानिकांनी त्यावर उपकरणांच्या साहाय्याने उड्डाण करण्याचा सराव केला.

घरगुती संगणकांवर सिम्युलेटर आला तेव्हा हा स्पर्श हरवला. ब्रूस आर्टविक यांनी ॲपल-२ संगणकासाठी लिहिलेल्या सिम्युलेटरनंतर १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती आयबीएम पीसीसाठी प्रसिद्ध झाली. त्यात बहुतेक क्रिया कीबोर्डवरच होत. त्या काळातील संगणकाच्या गेम पोर्टला जास्तीत जास्त ४ अक्ष व ४ बटणे जोडता येत असल्याने मोठा फलक जोडणे कठीण होते. त्यामुळे अनेक हौशी मंडळी जुना कीबोर्ड उघडून त्याच्या आतील मंडलाला तारा जोडत आणि त्या तारांच्या टोकांना स्विच लावत. संगणकाला मात्र कीबोर्डवरील अक्षरच दाबले गेल्याचे कळे.

पुढील तीन बदलांमुळे हे काम सुलभ झाले. १९९६ मध्ये यूएसबी मानक आले. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनो हा स्वस्त व मुक्त रचनेचा मायक्रोकंट्रोलर फलक विद्यार्थ्यांसाठी विकसित झाला. २००६ मध्ये फ्लाइट सिम्युलेटर एक्ससोबत सिमकनेक्ट ही बाहेरील आज्ञावलींना सिम्युलेटरशी संवाद साधू देणारी सोय उपलब्ध झाली. मायक्रोसॉफ्टखेरीज एक्स-प्लेन, मुक्तस्रोत फ्लाइटगिअर आणि डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरांसाठीही असे फलक बनवले जातात.

विमानाची निवड आणि आराखडा

फलक बनवण्यापूर्वी विमानाचा नेमका प्रकार ठरवणे आवश्यक असते. एकाच नावाच्या विमानाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत स्विचांची संख्या व मांडणी भिन्न असते. उदाहरणार्थ, सेस्ना १७२ या जगभर प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या विमानाच्या १७२एस आवृत्तीत इंधन अंतःक्षेपण पद्धतीचे इंजिन असल्याने विद्युत् इंधनपंपाचा स्विच असतो. कार्ब्युरेटर असलेल्या आधीच्या १७२एन आवृत्तीत तो नसतो, कारण पंखांतील टाक्यांतून इंधन गुरुत्वाकर्षणाने इंजिनाकडे वाहते. तेथे त्याऐवजी कार्ब्युरेटर तापवण्याची कळ असते.

साध्या सेस्ना फलकावर पुढील नियंत्रणे येतात :

- मुख्य स्विचचे दोन भाग : बॅटरी आणि अल्टरनेटर
- एव्हिऑनिक्स मुख्य स्विच
- पाच दिवे : बीकन, लँडिंग, टॅक्सी, नेव्हिगेशन आणि स्ट्रोब
- इंधनपंप आणि पिटो नळीचा तापक
- मॅग्नेटो स्विचची पाच स्थाने : बंद, उजवा, डावा, दोन्ही आणि स्टार्ट
- फ्लॅपची चार स्थाने : वर, १०, २० आणि ३० अंश

यांतील पहिली दहा नियंत्रणे द्विस्थितीची आहेत. मॅग्नेटोची ५ व फ्लॅपची ४ स्थाने मिळवल्यास एकूण १९ आदाने होतात. ही मोजणी आधी केल्याशिवाय मायक्रोकंट्रोलर निवडू नये, कारण प्रत्येक आदानासाठी स्वतंत्र पिन द्यायची झाल्यास पिना अपुऱ्या पडू शकतात. मांडणी ठरल्यावर ती कागदावर पूर्ण आकारात काढून पुठ्ठ्यावर चिकटवली जाते व खुर्चीत बसून हात कोठे पोहोचतो हे पाहिले जाते. छिद्रे पाडण्यापूर्वीची ही पायरी वगळल्यास स्विचांची बोंडे एकमेकांना अडणे, अथवा मागील बाजूस तारांना जागा न उरणे, असे दोष उशिरा लक्षात येतात.

स्विचांचे प्रकार

टॉगल स्विच : दांडी वर-खाली करून चालणारा हा स्विच दिवे, पंप इत्यादींसाठी वापरतात. लहान आकाराच्या टॉगलला सुमारे ६ मिमी, तर मोठ्या आकाराच्या टॉगलला सुमारे १२ मिमी व्यासाचे छिद्र लागते. काही टॉगल दिलेल्या स्थितीत टिकून राहतात, तर काही बोट काढताच स्प्रिंगमुळे मूळ जागी परततात. इंजिन सुरू करण्यासारख्या क्षणिक क्रियांसाठी दुसरा प्रकार योग्य ठरतो.

रॉकर स्विच : सेस्नाच्या मुख्य स्विचसारख्या ठिकाणी दोन रॉकर स्विच शेजारी शेजारी बसवून विभागलेला स्विच साधता येतो.

रोटरी स्विच : मॅग्नेटोसारख्या अनेक स्थानांच्या नियंत्रणासाठी हा वापरतात.

रोटरी एन्कोडर : रेडिओची कंप्रता किंवा ऑटोपायलटची उंची बदलण्यासाठी सतत फिरणारी ही कळ असते. तिच्या दोन संपर्कांतून येणारे स्पंद परस्परांपेक्षा पाव चक्राने मागे-पुढे असतात. कोणता स्पंद आधी बदलला यावरून फिरण्याची दिशा समजते.

पोटेन्शिओमीटर : थ्रॉटल किंवा दिव्यांची तीव्रता यांसारख्या सलग बदलणाऱ्या राशींसाठी १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर प्रचलित आहे. आर्डुइनो उनो त्याच्या मधल्या टोकावरील ० ते ५ व्होल्ट विभव ० ते १०२३ या अंकांत वाचतो.

हे घटक मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली यांसारख्या इलेक्ट्रॉनिक बाजारांत सुटे मिळतात.

विद्युत् जोडणी

स्विचचे एक टोक ग्राउंडला आणि दुसरे मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला जोडणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. स्विच उघडा असताना पिन तरंगत राहू नये म्हणून तिला रोधामार्फत उच्च विभवाला बांधून ठेवतात. आर्डुइनोमध्ये हा रोध चिपच्या आतच असतो व आज्ञावलीतून तो चालू करता येतो. त्यामुळे या जोडणीत स्विच बंद झाल्यावर, म्हणजे संपर्क जुळल्यावर, पिन ‘शून्य’ वाचते. नवशिक्यांना हा उलटा संकेत प्रथम गोंधळात टाकतो.

धातूचे संपर्क एकमेकांवर आदळताना काही सहस्रांश सेकंद थरथरतात. परिणामी एकदाच चालवलेला स्विच अनेकदा चालवल्यासारखा वाचला जाऊ शकतो. यावर उपाय म्हणून आज्ञावलीत स्थिती बदलल्यानंतर ती सुमारे ५ ते २० मिलिसेकंद स्थिर राहिली तरच बदल ग्राह्य धरतात.

स्विचांची संख्या वाढल्यास त्यांची ओळी व स्तंभ अशी जाळी केली जाते. आज्ञावली एका वेळी एकच ओळ कार्यान्वित करून सर्व स्तंभ वाचते आणि हे चक्र अतिशय वेगाने फिरते. वर मोजलेल्या १९ आदानांसाठी ४ ओळी व ५ स्तंभ, म्हणजे ९ पिनांत २० जागा पुरेशा होतात. एटमेगा३२यू४ चिपवर आधारित प्रो मायक्रो या छोट्या फलकावर १८ पिना उपलब्ध असल्याने उरलेल्या पिना दर्शक दिव्यांसाठी वापरता येतात.

जाळीत एक सापळा असतो. आयताच्या चार कोपऱ्यांवरील चार स्विचांपैकी तीन चालू असल्यास विद्युत् प्रवाह आडवाटेने जाऊन चौथाही चालू असल्याचा भास होतो. कीबोर्डवर एका वेळी मोजकीच बटणे दाबली जात असल्याने हा दोष क्वचित जाणवतो. कॉकपिट फलकावर मात्र उड्डाणकाळात अनेक टॉगल सतत चालू स्थितीत असतात, त्यामुळे हा दोष हमखास उद्भवतो. म्हणून प्रत्येक स्विचबरोबर १एन४१४८ सारखा एक डायोड जोडणे अनिवार्य मानले जाते. सर्व डायोडांची दिशा एकसारखी असावी लागते.

मॅग्नेटो स्विचची विशेष अडचण

सामान्य रोटरी स्विच एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर जाताना आधीचा संपर्क प्रथम तोडतो व मग पुढचा जोडतो. तार वाचवण्यासाठी ‘बंद’ हे स्थान जोडलेच नाही आणि ‘कोणताही संपर्क नाही म्हणजे बंद’ असे आज्ञावलीत ठरवले, तर ‘दोन्ही’वरून ‘डावा’कडे जाताना सिम्युलेटरला क्षणभर ‘बंद’ ही आज्ञा मिळते आणि इंजिनाचे प्रज्वलन तुटते. म्हणून ‘बंद’ स्थानालाही स्वतंत्र संपर्क देतात आणि नवा संपर्क मिळेपर्यंत जुनी स्थिती कायम ठेवतात.

येथे खऱ्या विमानाशी असलेला एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. विमानात मॅग्नेटोची तार ग्राउंडला जोडली की ठिणगी बंद होते. ही तार तुटल्यास स्विच ‘बंद’ दाखवत असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि हाताने पंखा फिरवणाऱ्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. घरगुती फलकात मात्र तार तुटल्यास ते आदान केवळ निष्क्रिय होते. फलकावर शिकलेला ‘स्विच बंद म्हणजे इंजिन सुरक्षित’ हा समज म्हणूनच खऱ्या विमानाजवळ नेता येत नाही.

संगणकाशी संवाद

फलक संगणकाशी जोडण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत फलक स्वतःची ओळख जॉयस्टिक म्हणून करून देतो. प्रो मायक्रो किंवा आर्डुइनो लिओनार्डो यांच्या चिपमध्येच यूएसबीची सोय असल्याने हे शक्य होते. सिम्युलेटरच्या मांडणीत प्रत्येक बटणाला एकेक क्रिया नेमून दिली की काम भागते. विंडोजच्या डायरेक्टइनपुट पद्धतीत अशा एका उपकरणाला कमाल १२८ बटणे असू शकतात. या पद्धतीत वेगळी आज्ञावली चालू ठेवावी लागत नाही, परंतु संवाद प्रामुख्याने एकतर्फी राहतो.

दुसऱ्या पद्धतीत संगणकावर एक मध्यस्थ आज्ञावली चालते. मोबीफ्लाइट ही मुक्तस्रोत आज्ञावली आर्डुइनो मेगा, उनो व प्रो मायक्रो यांसाठी लोकप्रिय आहे. डीसीएस वर्ल्डसाठी डीसीएस-बायोस वापरतात. मध्यस्थ आज्ञावली सिम्युलेटरमधील स्थिती वाचून फलकाकडे परत पाठवू शकते. त्यामुळे चाके उतरल्याचे हिरवे दिवे, कमी व्होल्टेजची सूचना किंवा रेडिओची कंप्रता दाखवणारे अंक फलकावर उमटवता येतात. सात रेखांच्या अंकदर्शकांसाठी मॅक्स७२१९ ही चिप वापरल्यास थोड्या पिनांत ८ अंक चालतात.

स्थितीतील विसंगती

घरगुती फलकांत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे फलकावरील स्विच आणि पडद्यावरील स्विच यांच्या स्थितीत पडणारी तफावत. सिम्युलेटरमधील अनेक आज्ञा ‘आहे त्याच्या उलट करा’ अशा स्वरूपाच्या असतात. उड्डाण धावपट्टीवर, इंजिन चालू असलेल्या अवस्थेत सुरू झाले आणि फलकावरील सर्व स्विच बंद असले, तर बीकनचा टॉगल वर करताच दिवा लागण्याऐवजी विझतो. यानंतर तो स्विच संपूर्ण उड्डाणभर उलटा चालत राहतो.

यावर पुढील उपाय केले जातात. शक्य तेथे उलट करणाऱ्या आज्ञेऐवजी ‘चालू’ व ‘बंद’ अशा निश्चित स्थितीच्या स्वतंत्र आज्ञा वापरतात. फलक जॉयस्टिक म्हणून जोडला असल्यास टॉगल वर गेल्यावर एका क्रमांकाच्या बटणाचा व खाली आल्यावर दुसऱ्या क्रमांकाच्या बटणाचा छोटा स्पंद पाठवतात. तसेच उड्डाण सुरू होताच फलकावरील सर्व स्विचांची स्थिती एकदा सिम्युलेटरला कळवतात. विमान पूर्णपणे बंद अवस्थेतून सुरू करणे आणि त्याआधी फलकावरील सर्व स्विच बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. खऱ्या विमानाच्या तपासणी यादीशीही तो सुसंगत आहे.

फलकाची बांधणी व प्रकाशयोजना

दर्शनी पाटीसाठी ३ मिमी जाडीचे अ‍ॅक्रिलिक, ॲल्युमिनियमचा पत्रा, प्लायवूड किंवा त्रिमितीय मुद्रकावर छापलेले प्लास्टिक वापरतात. पाटी फार जाड असल्यास लहान टॉगलच्या मानेवर नट बसण्यास पुरेसे आटे उरत नाहीत. मोठ्या विमानांच्या मधल्या कन्सोलवरील फलक ५.७५ इंच, म्हणजे सुमारे १४६ मिमी रुंद असतात आणि डझस नावाच्या पाव फेऱ्यात उघडणाऱ्या खिळ्यांनी पट्ट्यांवर बसवलेले असतात. या पट्ट्यांवरील छिद्रांमधील अंतर ३/८ इंच असते. बोइंग किंवा एअरबसचे फलक बनवणारे हौशी हेच माप पाळतात, जेणेकरून एखादा फलक सुटा काढून दुरुस्त करता येतो.

अक्षरे मागून उजळणारी पाटी बनवण्यासाठी पारभासी अ‍ॅक्रिलिकवर गडद रंगाचा थर देऊन लेझरने तेवढीच अक्षरे कोरतात. मागील एलईडींचा प्रकाश कोरलेल्या भागातून बाहेर येतो. प्रत्येक एलईडीला प्रवाह मर्यादित करणारा रोध लागतो. ५ व्होल्टवर, २ व्होल्टच्या एलईडीतून १५ मिलिअँपिअर प्रवाह हवा असल्यास ३ ÷ ०.०१५ = २०० ओहम येतात; व्यवहारात २२० ओहमचा रोध लावतात. असे २० एलईडी ३०० मिलिअँपिअर प्रवाह घेतात. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर असल्याने त्याहून मोठ्या प्रकाशयोजनेस स्वतंत्र ५ व्होल्ट पुरवठा द्यावा लागतो. अशा वेळी दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड एकत्र जोडतात. मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनेतून अनेक एलईडी एकदम चालवल्यास चिप निकामी होऊ शकते. त्यासाठी ट्रान्झिस्टर वापरतात.

आकार, रंग आणि हाताची सवय

फलकावरील बोंडांचे आकार केवळ सजावटीसाठी नसतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ सारख्या विमानांत उतरल्यानंतर फ्लॅप मिटवण्याऐवजी चाके मिटवली जाण्याचे अपघात होत. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चापानिस यांनी दाखवून दिले की दोन्ही नियंत्रणे दिसायला सारखी व जवळजवळ असल्याने ही चूक घडत होती. चाकांच्या कळीला चाकाचा व फ्लॅपच्या कळीला पंखाच्या पात्याचा आकार देण्याचा उपाय पुढे रूढ झाला. १९४७ मध्ये पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुकांचे विश्लेषण करून अशा अनेक चुकांचे मूळ नियंत्रणांच्या रचनेत असल्याचे मांडले. आज अमेरिकेच्या विमान-प्रमाणन नियमांतही या बोंडांचे आकार निर्दिष्ट आहेत. तत्काळ कृती आवश्यक असलेल्या इशाऱ्यासाठी लाल आणि सावधगिरीसाठी पिवळसर-नारिंगी हा संकेतही नियमबद्ध आहे.

घरगुती फलकात हे संकेत पाळल्यास हाताला योग्य सवय लागते. सोय म्हणून स्विचांची जागा बदलल्यास चुकीची सवय लागते, आणि ती खऱ्या विमानात गडबडीच्या क्षणी उफाळून येण्याची शक्यता असते.

चाचणी व सुरक्षितता

फलक संगणकाला जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने ५ व्होल्ट व ग्राउंड यांत थेट संपर्क नसल्याची खात्री करतात. त्यानंतर प्रत्येक स्विच एकेकटा व मग सर्व स्विच एकत्र चालू करून तपासतात. डायोड उलटा बसला असल्यास तो याच वेळी उघड होतो. फलकाच्या पेटीत घरगुती २३० व्होल्टची तार न नेता बंदिस्त ॲडाप्टरचा कमी विभवाचा पुरवठाच वापरावा, असा दंडक आहे. सोल्डरिंग हवेशीर जागी करतात आणि शिसेयुक्त सोल्डर हाताळल्यानंतर हात धुतात.

भंगारात मिळालेली विमानाची जुनी उपकरणे वापरताना विशेष काळजी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील काही तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असतो. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग टिकून असतो. असा रंग खरवडल्यास किंवा तबकडी उघडल्यास किरणोत्सर्गी धूळ श्वासावाटे शरीरात जाऊ शकते.

प्रशिक्षणातील उपयोग व मर्यादा

फलकाचा सर्वांत मोठा लाभ कार्यक्रमाच्या सरावात होतो. इंजिन सुरू करणे, उड्डाणापूर्वीची तपासणी, विद्युत् बिघाडाच्या वेळची कृती यांचा क्रम विद्यार्थी वैमानिक इंधन न जाळता कितीही वेळा गिरवू शकतो. उदाहरणार्थ, १७२एस विमानात उड्डाणापूर्वी इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर ठेवून मॅग्नेटो आळीपाळीने तपासतात. कोणत्याही एका मॅग्नेटोवर १५० पेक्षा जास्त फेऱ्यांची घट किंवा दोन्हींच्या घटींत ५० पेक्षा जास्त फरक असल्यास उड्डाण करत नाहीत. स्विच फिरवताना नजर फेऱ्यांच्या मापकावर ठेवण्याची सवय माउसने लागत नाही, ती प्रत्यक्ष स्विचने लागते.

तथापि, घरगुती फलकावर घालवलेले तास वैमानिक परवान्यासाठी ग्राह्य धरले जात नाहीत. भारतात त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेली प्रशिक्षण उपकरणेच वापरावी लागतात. घरगुती फलकात स्विचचा जडपणा, विमानाचे कंपन, आवाज व त्वरण यांचा अनुभव येत नाही. शिवाय सिम्युलेटरमधील विमानाच्या प्रणालींचे चित्रण अपुरे असल्यास स्विच फिरूनही अपेक्षित परिणाम दिसत नाही. त्यामुळे विमानाच्या अधिकृत पुस्तिकेतील कार्यपद्धती प्रमाण मानून, फलकाला प्रशिक्षकाचा पर्याय न समजता सरावाचे साधन म्हणून वापरणे योग्य ठरते.